राजहंस जखमी झाला, आजारी पडला तर काय करायचं? (आमच्या शेठने शिकवलेलं सगळं)

आधी एक स्पष्ट करतो, हंस म्हणजे आपण अंगणात, शेततळ्यावर, फार्महाऊसवर पाळतो तो पांढरा किंवा राखाडी, मोठ्या मानेचा, अनोळखी माणूस दिसला की फुस्स करत अंगावर येणारा पक्षी. कोणी राजहंस म्हणतं, कोणी गूज म्हणतं, आमच्या शेजारच्या आजी अजूनही मोठं बदक म्हणतात. आमच्याकडे भोरच्या बाजूला एक जोडी आहे, शेठ आणि बाई. तीन वर्षांपूर्वी श्रावणात रात्री कुत्र्यांनी शेठला धरलं, तेव्हा मला यातलं काहीही माहीत नव्हतं, आणि जे माहीत होतं ते चुकीचं होतं. तो वाचला, पण मी केलेल्या घोळामुळे दहा दिवसांचं काम सहा आठवड्यांवर गेलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा. गावाकडे काय, शहरात काय, "हंसाचा डॉक्टर" अशी पाटी कुठे सापडत नाही. गुरांचा डॉक्टर सापडतो, कुत्र्या-मांजराचा सापडतो, कोंबड्यांचा पोल्ट्रीवाल्यांकडे असतो. यातल्याच एकाला धरून आपलं काम करून घ्यायचं असतं, आणि त्यासाठी आपण नीट माहिती घेऊन जायला लागतं.

१. आधी ओळखा, खरंच आजारी आहे का

हंस आजार लपवतो. कळपात कमजोर दिसला तर आपली गत होईल हे त्याच्या रक्तात आहे, त्यामुळे तो मान टाकून बसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. म्हणून छोट्या गोष्टी बघायच्या: सकाळी दार उघडल्यावर सगळ्यात शेवटी बाहेर येणं, जोडीदारापासून लांब बसणं, एका पायावर जास्त वेळ उभं राहणं, श्वास घेताना शेपटी वरखाली होणं, चोच उघडी ठेवून धापा टाकणं, डोळ्यात फेस, विष्ठा गडद हिरवी आणि पाण्यासारखी (हे बहुतेक वेळा पोटात काही जात नसल्याचं लक्षण असतं).

आता ज्यांना आजार समजून लोक घाबरतात ते. चोचीच्या मुळाशी कपाळावर गाठ असते, ती चायनीज जातीच्या हंसाला असतेच, गळू नाही ते. वर्षातून एकदा पिसं झडतात, पंखांची मोठी पिसं एकदमच जातात, पक्षी महिनाभर भिकारड्यासारखा दिसतो आणि उडत नाही, तेही नॉर्मल. अधूनमधून तपकिरी, चिकट, घाण वासाची विष्ठा पडते, ती पण चालते. आणि अंग गरम लागलं म्हणून ताप समजू नका, हंसाचं अंग मुळात ४० ते ४१ अंशांच्या घरात असतं, आपल्या हाताला ते तापल्यासारखंच लागणार.

२. पकडणं आणि पहिला तास

पाठलाग करू नका. जखमी पक्षी पळवून पळवूनच अर्धा मरतो. कोपऱ्यात घ्या, अंगावर जुना टॉवेल किंवा चादर टाका, दोन्ही पंख अंगाशी दाबून उचला, खाली पायांना आधार द्या आणि त्याला काखेत असा धरा की तोंड तुमच्या पाठीकडे राहील. चोच मागे असली की तुमचा चेहरा वाचतो, शेपटी पुढे असते त्यामुळे शर्ट मात्र वाचत नाही. पाय धरून उलटं लटकवायचं नाही, कोंबडीला करतात तसं अजिबात नाही. छातीवर दाब द्यायचा नाही, कारण पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढेमागे हललं तरच हवा आत जाते. घट्ट मिठी मारून धरलात तर तो तुमच्या हातातच गुदमरेल, तुम्हाला कळणारही नाही.

रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने पाच-दहा मिनिटं सलग दाबून धरा, दर अर्ध्या मिनिटाला उचलून बघू नका. नख किंवा कोवळं पीस तुटून रक्त येत असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबलं तरी थांबतं. पंख लोंबत असेल तर नेहमीसारखा घडी घालून अंगासोबत क्रेप बँडेज सैल गुंडाळा, आत बोट सहज गेलं पाहिजे. हाड बाहेर आलं असेल तर तिथे पाणी ओतू नका. पक्ष्याच्या दंडाचं हाड पोकळ असतं आणि हवेच्या पिशव्यांना जोडलेलं असतं, पाणी तिथून थेट श्वासाच्या वाटेत जातं. ओल्या स्वच्छ कापडाने झाका आणि निघा.

मग अंधार, ऊब, शांतता. आम्ही टोमॅटोचं एक क्रेट खाली, त्यात जुना टॉवेल, आणि दुसरं क्रेट वर उलटं ठेवून सुतळीने बांधतो, झकास पिंजरा होतो, हवा पण खेळते. वर चादर. थंडी-पावसात एका बाजूला बाहेरून ६० वॉटचा बल्ब, फक्त एकाच बाजूला, म्हणजे नको असेल तर तो सरकेल. चोच उघडून धापायला लागला तर बल्ब बंद. आणि शक्य असेल तर जोडीदाराला शेजारी दिसेल असं ठेवा, एकटा पडलेला हंस खात नाही, हा आमचा अनुभव आहे, शेठने बाई दिसल्यावरच पहिला घास घेतला.

३. घरात आधीच असायला हव्यात अशा गोष्टी

रात्री अकरा वाजता मेडिकल उघडं नसतं म्हणून हे एका डब्यात भरून ठेवा: नॉर्मल सलाईनच्या दोन बाटल्या, २० मिलीची सुई नसलेली सिरिंज, पोव्हिडोन आयोडीन, गॉजचे तुकडे, क्रेप बँडेज, स्वतःलाच चिकटणारं बँडेज (पिसांना चिकटत नाही, साधी चिकटपट्टी काढताना कातडं सोलवटतं), हातमोजे, बोथट चिमटा, टॉर्च, कॉर्नफ्लोअर, सामान मोजायचा लटकता काटा. काटा विसरू नका. औषधाचा डोस वजनावर ठरतो आणि हंसाचं वजन अंदाजाने सांगणारे सगळे चुकतात, पिसांमुळे सात-आठ किलोचा वाटणारा पक्षी साडेचारचा निघतो. बारदानाच्या पिशवीत, मान बाहेर ठेवून काट्याला लटकवलं की झालं.

४. जखम शोधा, दिसत नसली तरी

इथे मी फसलो. कुत्र्यांनी धरलं त्या रात्री शेठच्या मांडीवर चार थेंब रक्त दिसलं, मी हळद लावली, "चालतोय ना, मग ठीक आहे" म्हणून झोपलो. दुसऱ्या दिवशी पण चालत होता. तिसऱ्या दिवशी वास आला. पिसं बाजूला केली तर पंखाखाली दोन दातांची भोकं, आणि भोकात अळ्या वळवळत होत्या. पावसाळ्यात माशी जखमेवर बसली की दिवसभरात अळ्या होतात, आणि हंसाची पिसं इतकी दाट असतात की वरून काही म्हणजे काही दिसत नाही.

त्यामुळे कुत्रा, मुंगूस, कोल्हा, कोणीही धरलं असेल तर पूर्ण पक्षी तपासायचा. टॉर्च घेऊन पिसं उलट्या दिशेने फुंकत जायचं: पंखाखाली, मांडीत, पाठीवर, मानेभोवती, शेपटीखाली. जखमेभोवतीची पिसं कात्रीने कापा, उपटू नका. कोमट सलाईन सिरिंजने मारून धुवा (उघड्या हाडावर आणि छाती-पोटाच्या खोल भोकात नाही), अळ्या दिसल्या तर चिमट्याने एकेक काढा, मग आयोडीन पातळ करून, चहाच्या पाण्याच्या रंगाचं झालं की पुरे. जखम वरून छोटी असली तरी दातांबरोबर घाण आत खोल गेलेली असते, त्यामुळे कुत्र्याच्या चाव्याला डॉक्टर लागतोच, यात घरगुती भागत नाही.

काय लावायचं नाही: फिनेल, डेटॉल, रॉकेल, टर्पेंटाईन, कापूर-तेल. गुरांच्या जखमेतल्या अळ्यांवर सीताफळाचा पाला चोळायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, म्हशीचं कातडं ते सहन करतं, पक्ष्याचं कातडं कागदासारखं पातळ असतं आणि तो चोचीने सगळं चाटून पोटात घेतो. गुरांचे जखमेवरचे स्प्रे पण डॉक्टरला विचारल्याशिवाय नको, बाटलीवर गाय-म्हैस लिहिलेलं असतं ते उगाच नाही. तेलकट मलम भरमसाठ लावलं तर पिसं चिकटतात आणि पक्षी पाण्यात भिजतो, थंडीने काकडतो.

नायलॉन मांजा हा वेगळा विषय. संक्रांतीच्या पुढेमागे पायाभोवती गुंडाळलेला मांजा रोज बघा. बंदी असली तरी झाडांवर, कुंपणावर लटकत असतोच, हंस चालता चालता अडकतो आणि तो दोरा सुजलेल्या पायात इतका रुतून बसतो की दिसत नाही. ओढू नका, बारीक कात्रीने कापा. खोल गेला असेल तर डॉक्टर.

५. डॉक्टर कसा शोधायचा, फोनवर काय बोलायचं

सोय म्हणून क्रम सांगतो. पहिले तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. सगळ्याच सरकारी दवाखान्यांत पशुधन विकास अधिकारी म्हणजे पदवीधर डॉक्टर असतीलच असं नाही, तेव्हा टाके-एक्स-रेचं काम असेल तर आधी विचारून सरळ पदवीधर डॉक्टर असलेल्या दवाखान्यात किंवा तालुक्याच्या चिकित्सालयात जा. फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. मोठं काम असेल तर पशुवैद्यक कॉलेजांचे दवाखाने: मुंबईत परळला, साताऱ्याकडे शिरवळला, शिवाय नागपूर, परभणी, उदगीर. परळलाच बाई साकरबाई हॉस्पिटल पण आहे. शहरात असाल तर पोपट-कबुतरं बघणारा खासगी डॉक्टर शोधा, कुत्र्यांचा नामांकित डॉक्टर असण्यापेक्षा पक्षी हातात धरलेला साधा डॉक्टर परवडला.

मला पहिल्या दोन ठिकाणी "पक्षी बघत नाही" असं उत्तर मिळालं, एका ठिकाणी तर "कापून टाका की राव, एवढं काय" असं पण ऐकलं. चिडून उपयोग नाही. नंतर कळलं की फोनवर "हंसाला बघाल का" विचारलं की समोरचा गोंधळतो, त्यापेक्षा असं सांगा: "पाळीव गूज आहे, वजन साडेचार किलो, तीन दिवसांपूर्वी कुत्रा चावला, पंखाखाली जखम आहे, खातोय पण कमी. बदक-कोंबडीचा अनुभव असेल तर येऊ का?" ठोस माहिती मिळाली की डॉक्टरचा सूर बदलतो. तिसऱ्या डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं, मी हंस कधी बघितला नाही पण कॉलेजातल्या सरांना विचारून करतो. त्यांनीच त्याला वाचवला. ज्याला "मला विचारावं लागेल" म्हणता येतं तो डॉक्टर घ्या.

भूल द्यायची वेळ आली तर आयसोफ्लुरेन गॅसची सोय आहे का विचारा, पक्ष्यांसाठी तीच बरी मानतात. आणि आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं का हे पण विचारा, कुत्र्याचा नियम पक्ष्याला लागत नाही.

६. जाताना सोबत काय न्यायचं

सरकारी दवाखान्यात केस पेपर काढायला तुमचं नाव, गाव, मोबाईल एवढं पुरतं, पण डॉक्टरसाठी हे घेऊन जा:

- आजचं वजन, आणि आधीचं कधी केलं असेल तर ते पण
- वय, नर की मादी, मादी असेल तर शेवटचं अंडं कधी घातलं
- आज सकाळच्या विष्ठेचा फोटो, किंवा डबीत थोडी विष्ठाच
- चालतानाचा व्हिडिओ, कारण दवाखान्याच्या टेबलावर तो पुतळ्यासारखा बसतो आणि लंगडतो हे दिसतच नाही
- खाद्याच्या पोत्यावरच्या लेबलचा फोटो
- आधी काही दिलं असेल त्याचं पाकीट, लाज वाटली तरी

तो शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मी हळद सांगितली, अर्धी पेनकिलर चारली होती ते लपवलं. डॉक्टरांनी विचारून विचारून काढून घेतलं.

७. औषधांचा सापळा

माणसाची गोळी देऊ नका. डायक्लोफिनॅक तर नकोच नको. आपल्याकडची गिधाडं कशाने संपली आठवतंय ना, मेलेल्या गुरांच्या मांसातून हेच औषध त्यांच्या पोटात गेलं आणि मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, पुढे २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकवर पण आली. तरी गावात कोणाच्या तरी फडताळात जुनी बाटली असते आणि तो प्रेमाने आणून देतो. वेदनेसाठी डॉक्टर पक्ष्यांना साधारण मेलॉक्सिकॅम देतात, डोस त्यांनाच ठरवू द्या. प्रोकेन असलेलं पेनिसिलिन सुद्धा पक्ष्यांना सोसत नाही, गुरांना सर्रास देतात ते, तेव्हा इंजेक्शन भरायच्या आधी नम्रपणे विचारायला हरकत नाही: "डॉक्टर, हे पक्ष्याला चालतं ना?"

तोंडात पाणी, औषध, ब्रँडी (हो, ब्रँडीचा चमचा सुचवणारे भेटतात) ओतू नका. जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं भोक उघडं असतं, ओतलेलं सरळ फुप्फुसात. द्यायचंच असेल तर चोचीच्या कडेला थेंब थेंब, तो स्वतः गिळेल तसं, किंवा डॉक्टरकडून नळीने द्यायचं शिकून घ्या. दूध-ब्रेड पण नको, पक्ष्याला दूध पचत नाही. औषध चालू असताना अंडी किती दिवस खायची नाहीत हे विचारून घ्या.

८. जखम नाही, पण काहीतरी बिघडलंय, अशा वेळी

तळपायाला काळी खपली आणि सूज: याला बंबलफूट म्हणतात. सिमेंटच्या फरशीवर, खडकाळ जागेवर, ओल्या घाणीत राहणाऱ्यांना होतं. कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट टाकून पाय भिजवा, पण आतली गाठ ब्लेडने काढायला यूट्यूब बघून बसू नका. आणि जमीन बदलली नाही तर परत होणार.

पिल्लाचे पाय वाकडे, बसून बसून चालतं: बरेचदा नायसिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) कमी पडतं, कारण आपण कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य देतो आणि हंसाच्या पिल्लाला नायसिन जास्त लागतं. लवकर कळलं तर ब्रुअर्स यीस्टने (नायसिन असलेली यीस्टची पावडर) सुधारतं, उशीर झाला तर नाही.

पंखाचं टोक बाहेर वळलेलं: वाढीच्या वयात भरमसाठ खुराक, ब्रेड वगैरे. पिल्लू असताना काही दिवस पंख बांधून सरळ होतो, मोठ्याचा होत नाही, पण त्याला दुखत पण नाही, राहू द्या.

मादी कुंथतेय, शेपटी हलवतेय, उभी राहिली की पेंग्विनसारखी ताठ: अंडं अडकलंय. कोमट पाण्यात अर्धा तास बसवा आणि त्याच दिवशी डॉक्टर, दुसऱ्या दिवशी नाही. आत अंडं फोडायचा प्रयत्न करू नका.

नराचं लिंग बाहेर येऊन आत जात नाही: लाजू नका, होतं हे. सलाईनने ओलं ठेवा, माद्यांपासून वेगळा करा, दवाखाना.

मान लुळी, पाय लुळे, डोळे मात्र जागे: डबक्यातलं सडकं पाणी, मेलेल्या मासळीवरच्या, उंदरावरच्या अळ्या खाऊन बोटुलिझम (जंतूंच्या विषाने होणारा लकवा) होतो. किंवा शिसं, तार, स्क्रू गिळलेलं असतं, हंसाला चकाकतं काहीही आवडतं, बांधकाम चालू असेल तर एक्स-रे काढाच.

चोच उघडून श्वास, आवाज बसलेला, पावसाळ्यात: खालचा भाताचा पेंढा हुंगून बघा. बुरशी आली असेल तर ती फुप्फुसात गेलेली असू शकते आणि हा आजार बरा व्हायला फार अवघड. कोकण-मावळातल्या लोकांनी पेंढ्याऐवजी कोरडा लाकडाचा भुसा वापरा, आणि बुरशीचा मका, शेंगदाण्याची पेंड तर खायला पण देऊ नका, त्यातलं विष यकृत खातं.

९. एकदम बरेच मेले तर

नियम वेगळा. एकाच वेळी दोन-चार पक्षी मान वाकडी करून, डोकं सुजून, पटापट मेले तर कोणालाही गाडीत घालून दवाखान्यात नेऊ नका. बर्ड फ्लू आपल्याकडे २००६ ला नवापूरला आणि २०२१ ला परभणीत येऊन गेलाय, गंमत नाही ती. हातमोजे-मास्क घाला, मेलेल्यांना उघडू-कापू नका, मुलांना लांब ठेवा, १९६२ किंवा तालुक्याच्या दवाखान्यात फोन करा, ते येऊन नमुने घेतात.

एकच मेला आणि कारण कळलं नाही तर शवविच्छेदन करून घ्या, मागे राहिलेल्यांसाठी. फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात किंवा बर्फात ठेवून न्या, फ्रीझरमध्ये गोठवू नका, गोठलं की आतलं काही नीट दिसत नाही. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे, आधी तालुक्याच्या डॉक्टरांचं पत्र घ्या.

आणि उजनी-जायकवाडीच्या बाजूला हिवाळ्यात डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला जखमी हंस सापडला तर तो पाळीव नाही, तिबेट-मंगोलियाकडून आलेला जंगली पाहुणा आहे. घरी ठेवणं गुन्हा आहे, वनखात्याला १९२६ वर कळवा.

१०. घरी आणल्यावरचे आठवडे

खरं काम इथे आहे. रोज सकाळी त्याच वेळी वजन. दोन-तीन दिवस सलग उतरत असेल तर औषध लागू पडत नाहीये, परत फोन करा. खायला कापलेली हरळी, लसूणघास, पालक पाण्याने भरलेल्या पसरट भांड्यात तरंगत ठेवा, कोरड्याला तोंड न लावणारा पक्षी पाण्यातलं टिपतो. पोहणं बंद, पण डोकं पूर्ण बुडेल एवढी बादली हवी, नाहीतर डोळे-नाकपुड्या घाणीने भरून दुसराच आजार सुरू होतो. बँडेज ओलं झालं की लगेच बदला. खाली जाड मऊ अंथरूण, कारण बसून राहिलेल्या हंसाच्या छातीच्या हाडावर चट्टे पडतात. पंख बांधला असेल तर कधी सोडायचा ते डॉक्टरकडून तारीख घेऊनच या, मी "अजून चार दिवस राहू दे" करत ठेवला आणि सांधा आखडला, अजून तो पंख पूर्ण उघडत नाही.

परत कळपात सोडताना तीन-चार दिवस जाळीच्या पलीकडे ठेवा, मग दुपारी तासभर, तुम्ही समोर असताना. आमच्याकडे दोघंच आहेत म्हणून मी हे टाळलं, आणि सहा आठवडे ज्याच्यासाठी ओरडत होती त्या शेठला बाईने दार उघडल्याबरोबर मानेला धरून अंगणभर फिरवला. संध्याकाळी शेजारी शेजारी बसले होते. मी पुन्हा पिसं फुंकत टॉर्च घेऊन.